जॅझ यात्रा आणि ताल धरणारे हात

फेब्रुवारी १९७८ मध्ये मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, पहिली जॅझ यात्रा भरली. ती भरवली 'जॅझ इंडिया' या संस्थेने, आणि संस्थेमागचा मुख्य माणूस म्हणजे निरंजन झवेरी. अमेरिकेचा थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स त्या यात्रेत वाजवून गेला. या संस्थेचा इतिहास आजवर ज्यांनी सांगितला त्यांनी तो बहुधा ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि पियानो वाजवणाऱ्यांच्या बाजूने सांगितला आहे. मंचावर पुढे उभे राहणारे तेच असतात, म्हणून ते साहजिकही आहे. मला मात्र हा इतिहास मागे बसणाऱ्याच्या बाजूने सांगायचा आहे, म्हणजे ड्रमरच्या बाजूने. धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला ही बाजू लवकर कळेल असे मला वाटते. संबळ चुकला तर गोंधळ उभा राहत नाही, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

जॅझ इंडियाची मुळे तिच्या स्थापनेच्या बरीच आधीची आहेत. १९३५ साली लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. न्यूयॉर्क, शिकागो, पॅरिस, शांघाय असा फिरत आलेला हा बाज मुंबईच्या वादकांनी जवळून ऐकला, आणि ऐकता ऐकता उचलला. १९३९ पासून सुमारे वीस वर्षे ताजचा बँड मिकी कोरिया यांच्या हाती होता. बारदेशातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवू लागले आणि लोक त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. युरोपियन साहेबांच्या नाचासाठी सुरू झालेले हे संगीत दहा-पंधरा वर्षांत गोमंतकीय, पारशी आणि अँग्लो-इंडियन वादकांचे झाले.

या वादकांत गोव्याची माणसे इतकी का, याचे उत्तर गोव्यातल्या चर्चच्या शाळांत आहे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडून संगीताची शाळा असे. तिथला मेस्त्री मुलांना सोल्फेज शिकवी, म्हणजे कागदावरचे स्वर बघून गाणे. मग हातात व्हायोलिन येई, पुढे एखादे फुंकून वाजवायचे वाद्य. प्रार्थनेसाठी तयार झालेला हा मुलगा वीस वर्षांचा झाला की पोटापाण्यासाठी मुंबईला येई, धोबी तलावाच्या आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरे आणि कुठल्या हॉटेलात, कुठल्या सर्कशीत, कुठल्या संस्थानिकाच्या बँडमध्ये जागा आहे याची चौकशी करी. कागद वाचता येणारा ट्रंपेटवाला किंवा सॅक्सोफोनवाला पाहिजे असेल तर बँडमास्तरला फार हिंडावे लागत नसे.

ड्रमरचे तसे नव्हते. चर्चच्या मेस्त्रीकडे ड्रम नव्हताच. गोव्यात ताल भरपूर होता, घुमटावर होता, लग्नाच्या आणि जागराच्या अंगणात होता, पण शाळेत शिकायची गोष्ट म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. शिवाय ज्याला आपण आज ड्रमसेट म्हणतो ते वाद्यच मुळात नवे. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीत मोठा ड्रम एक जण वाजवी, छोटा दुसरा, झांजा तिसरा. १९०९ च्या सुमारास लुडविग कंपनीने पायाने दाबायचे चांगले पेडल बाजारात आणले आणि मोठा ड्रम पायाखाली गेला. १९२० च्या दशकात पायाने मिटणारी-उघडणारी झांजांची जोडी, हाय-हॅट, आली. तीन माणसांचे काम एका माणसाच्या दोन हातांवर आणि दोन पायांवर आले. ताजमध्ये ॲबीचा बँड उतरला तेव्हा हे वाद्य आजच्या रूपात जेमतेम काही वर्षांचे होते. त्याची परंपरा नव्हती, त्याचा गुरू नव्हता, त्याची वही नव्हती. मुंबईच्या पहिल्या ड्रमरांनी ते तबकड्या ऐकून आणि दुसऱ्याच्या हातांकडे डोळे लावून मिळवले.

त्या पिढीतले मोठे नाव कावस लॉर्ड. हे पारशी गृहस्थ जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवत, आणि बोंगो, कोंगा यांसारखी लॅटिन अमेरिकी तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुळवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांची मुले केरसी आणि बुर्जोर हीसुद्धा तालातलीच. एका घरात बापाकडून मुलांकडे गेलेला हा वारसा बघताना मला आपल्याकडच्या गोंधळ्यांच्या घरांची आठवण होते. वाद्य परदेशी असले तरी ते टिकले घराण्यासारखेच.

आता थोडे ड्रमरच्या कामाविषयी, कारण ते समजल्याशिवाय चांगला ड्रमर इतका दुर्मीळ का, हे समजत नाही. लग्नाच्या बँडमधला ड्रम मिरवणूक पुढे नेतो. त्याचे काम मोठ्याने आणि ठाम वाजण्याचे आहे. जॅझमध्ये ड्रमरच्या उजव्या हातातली काठी टांगलेल्या मोठ्या झांजेवर लय चालू ठेवते, डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट मिटतो, उजवा पाय मोठ्या ड्रमला जेमतेम शिवतो, आणि डावा हात मोकळा असतो. त्या मोकळ्या डाव्या हाताने ड्रमर बोलतो. सॅक्सोफोनवाल्याने एक वाक्य टाकले की त्याला उत्तर देतो, कधी चिडवतो, कधी गप्प राहून जागा देतो. संथ गाण्यात काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश घेतो आणि चामड्यावरून ते गोल फिरवतो. लय सगळ्यांना ऐकू यावी आणि ड्रम मात्र कोणाच्या अंगावर येऊ नये, असे हे काम आहे. ज्याला जोरात वाजवता येते तो ड्रमर लगेच सापडतो. ज्याला हळू वाजवून लय ढळू न देता येते, तो सापडायला वर्षे जातात.

हौशी बँडचे हाल तर आणखी वेगळे. चार मित्र नोकरी सांभाळून शनिवारी संध्याकाळी जमतात, एकाकडे गिटार, एकाकडे पियानो, एकाकडे सॅक्सोफोन. ड्रमर मात्र उसना आणावा लागतो. मुंबईच्या चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात ट्रंपेटच्या तोंडाला म्यूट लावून सराव करता येतो, गिटार हळू वाजवता येते, पण ड्रमसेट मांडायला जागा लागते आणि शेजारी सहनशील लागतात. वाद्य महाग, उचलून न्यायला जड, लोकलच्या डब्यात नेणे अवघड. म्हणून ज्याच्याकडे सेट आहे आणि हातही आहे असा एक ड्रमर चार-पाच बँडांत वाटला जातो, आणि ज्या बँडला तो त्या दिवशी मिळत नाही त्याचा सराव पियानोवाल्याच्या पायाच्या ठेक्यावर चालतो. हे मुंबईत होते, पुण्यात होते, लंडन-न्यूयॉर्कच्या हौशी बँडांतही होते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतले संगीत आक्रसले. पुढच्या काळातही चर्चगेट रस्त्यावरच्या रेस्टॉरंटांत बँड वाजत राहिले, पण वादकांचे खरे पोट चित्रपटांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत भरू लागले. जॅझच्या इतिहासकारांना हा ऱ्हासाचा काळ वाटतो. तालाच्या बाजूने पाहिले तर मला तो सगळ्यात समृद्ध काळ वाटतो. जॅझ बँडला जे जमले नव्हते ते स्टुडिओने केले. गोव्याचा कागद वाचणारा वादक आणि कागद न वाचता हजार ठेके हातात असलेला देशी तालवाला हे दोघे तिथे एका खोलीत आले.

याची सुरुवात बघायची तर 'अलबेला' पाहावा. साल १९५१, संगीत सी. रामचंद्रांचे. रामचंद्र नरहर चितळकर हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांनी चिक चॉकलेट यांना साथीला घेतले, आणि चिक चॉकलेट आपल्या वादकांसह त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. नाचणारा आणि चित्रपट काढणारा भगवानदादा पालव, मुंबईच्या गिरणगावातला मराठी माणूस. ताजमधल्या बाजाला कामगारवस्तीतले पाय मिळाले ते इथे.

शंकर-जयकिशन यांच्याकडे कागद आणि ठेका यांची ही जोडी आणखी पक्की झाली. त्यांचे वाद्यवृंद लिहून देणारे सेबास्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते, फाळणीनंतर मुंबईत आले. आणि तालाची बाजू पाहणारे दत्ताराम वाडकर, मूळचे गोव्याचे, ढोलक-तबल्याच्या अंगाने आलेले. एकाने व्हायोलिनांचे कागद लिहायचे, दुसऱ्याने ठेका बसवायचा. त्यातल्या एका ठेक्याला वादक आजही 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखतात. राहुलदेव बर्मन यांच्या तालाच्या खोलीत मारुतीराव कीर तबल्यावर आणि फ्रँको वाझ ड्रमवर, असा संग पुढे वर्षानुवर्षे चालला. कीर आणि वाझ एकाच गाण्यात वाजत असताना कोण कोणाच्या मागे चालला आहे हे ओळखता येत नाही, आणि मला वाटते हीच त्या कामाची उंची आहे. या माणसांच्या नावाच्या पाट्या तबकड्यांवर फारशा लागल्या नाहीत, ही खंत मात्र राहते.

दरम्यान जॅझवर प्रेम करणारी काही तरुण मंडळी मुंबईत गोळा होत होती. १९५२ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी 'ब्लू ऱ्हिदम' नावाचे इंग्रजी नियतकालिक काढले. ते फार चालले नाही, पण पुढे जॅझ इंडिया ज्यातून उभी राहिली ती ऐकणाऱ्यांची मंडळी इथे जमली होती. त्यांच्या नशिबाने पुढच्या बारा वर्षांत अमेरिकेचे मोठे वादक मुंबईत येऊन गेले: १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या वादकांना जगभर पाठवत होते.

यातला ब्रुबेकचा दौरा तालाच्या दृष्टीने महत्त्वाचा. मुंबईत तो सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजला. मद्रासमध्ये त्याचा ड्रमर जो मोरेलो याची गाठ मृदंगाचे महान वादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी पडली. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ब्रुबेकने नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला होता. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, या चौकडीने पाच आणि नऊ मात्रांच्या रचनांची जी तबकडी काढली ती जॅझमधल्या सर्वांत गाजलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली. चार मात्रांच्या घरात वाढलेल्या संगीताने विषम मात्रा घेतल्या. झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रांवर बोटे मोजत वाढलेल्या आपल्या वादकांना यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. जॅझवाल्यांना मात्र यातून कळले की ताल शिकण्यासाठी पूर्वेकडे पाहता येते.

झवेरी आणि जॅझ इंडियाने १९७८ मध्ये यात्रा सुरू केली तेव्हा ही जाण त्यांच्याकडे होती. ही यात्रा त्यांनी परदेशी पाहुण्यांच्या मैफलीपुरती ठेवली नाही. भारतीय वादक आणि परदेशी वादक एकत्र बसावेत असा आग्रह पहिल्यापासून होता. पियानोवादक लुई बँक्स, सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि बेंगळुरूच्या कर्नाटक गायिका रमामणी यांचा मेळ याच वातावरणात जमला. रमामणींचे पती टी. ए. एस. मणी मृदंगवादक, आणि त्यांनी १९६० च्या दशकात बेंगळुरूत कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन उभे केले होते. तालवाद्य शिकवण्यासाठीच काढलेली संस्था! मृदंग, घटम्, कंजिरा वाजवणारी मुले तिथे रीतसर तयार होत होती, तोंडाने कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल, म्हणत होती, आणि सॅक्सोफोनवाला चार्ली मारियानो जर्मनीहून त्यांच्याबरोबर वाजवायला येत होता. आपल्या महाराष्ट्रात संबळासाठी, हलगीसाठी, ढोलकीसाठी असे कोणी काही त्या काळात उभे केल्याचे मला माहीत नाही, हे मला इथे लिहिलेच पाहिजे.

ड्रमर शोधणाऱ्या जॅझच्या जगाला मुंबईने दिलेले सर्वांत मोठे नाव त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, आई शोभा गुर्टू. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरचे नाव भानुमती शिरोडकर, आणि त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर याही गाणाऱ्याच. ठुमरी, दादरा, कजरी यांच्या घरात वाढलेला हा मुलगा आधी तबला शिकला. मग ड्रमसेटकडे वळला, पण त्यामागे खुर्ची घालून बसला नाही. तो गुडघ्यांवर, जमिनीजवळ बसून वाजवतो, शेजारी तबला असतो, झांजा असतात, पाण्याची बादली असते आणि त्या पाण्यात बुडवलेल्या घंटेचा स्वर वाकतो. 'ओरेगॉन' या अमेरिकी गटात तो वाजला, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत वाजला. १९८८ च्या सुमाराच्या त्याच्या पहिल्या तबकडीत त्याची आई गायली आहे. ठुमरीला साथ करताना तबलजीला गायिकेच्या श्वासाकडे कान द्यावा लागतो, बोलबनाव चालू असताना लय धरून मागे राहावे लागते आणि लग्गीला एकदम पुढे यावे लागते. जॅझ बँड ज्या कानाचा ड्रमर शोधत असतो तो कान या मुलाला घरात मिळाला होता. रणजित बारोट हा दुसरा तसाच, त्याची आई कथ्थकच्या सितारादेवी. तत्कारांवर वाढलेला मुलगा ड्रमवर बसला आणि पुढे त्याच मॅक्लॉफ्लिनबरोबर जगभर वाजला. दोघांपैकी एकही चर्चच्या शाळेतून आलेला नाही, हॉटेलच्या बँडमधूनही नाही.

म्हणून मला वाटते की चांगला ड्रमर मिळत नाही ही बँडवाल्यांची तक्रार अर्धी खरी आहे. त्यांनी शोधले ते ड्रमसेट असलेल्या घरांत. ताल होता तो दुसऱ्या घरांत.

तुळजापुरात भवानीच्या देवळात संबळ वाजतो. कमरेला बांधलेली दोन वाद्ये, एक लहान, चढ्या आवाजाचे, एक मोठे, खर्जाचे. मोठ्यावर वाजवायची काठी टोकाला वाकलेली असते. गोंधळाचा नायक आख्यान सांगत असतो, तुणतुण्यावर स्वर धरलेला असतो, झीलकरी मागून ओढतात, आणि संबळवाला नायकाच्या तोंडाकडे पाहत असतो. नायकाने गद्य लांबवले तर हा थांबतो, त्याने एखाद्या देवीचे नाव घेऊन हाक दिली की हा उसळतो. कागदावर काही लिहिलेले नसते. मी वर जॅझ ड्रमरच्या मोकळ्या डाव्या हाताविषयी लिहिले, तो डावा हात संबळवाल्याजवळ पिढ्यान् पिढ्या आहे. ब्रश आणि हाय-हॅट शिकवायला काही महिने पुरतात. समोरच्याचे ऐकून वाजवणे शिकवायला सारे बालपण लागते, आणि ते या घरांत आधीच झालेले असते.

हलगीविषयी लिहिताना अधिक जपून लिहावे लागते. लाकडी वा धातूच्या कड्यावर ताणलेले कातडे, डाव्या हातात कडेशी धरलेली बारीक काडी, उजव्या हातात आखूड काठी, आणि वाजवण्याआधी जाळावर शेकून चढवलेला सूर. मराठवाड्यात ही कला मुख्यतः मातंग समाजाने जपली. पण गावकीची कामे म्हणून मेलेल्याच्या पुढे, दवंडीच्या पुढे वाजवण्याची सक्तीही त्यांच्यावर आणि महारांवर होती. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत अनेकांनी ही वाद्ये खाली ठेवली, आणि ती ठेवली ते योग्यच केले. अपमानाच्या बदल्यात ताल कोणी मागू नये. आज कोणाला हलगीवाला आपल्या बँडमध्ये हवा असेल तर त्याला सॅक्सोफोनवाल्याइतकी बिदागी, मंचावर तितकीच पुढची जागा आणि पत्रिकेवर तितक्याच मोठ्या अक्षरांत नाव द्यावे लागेल. एवढे देता येत नसेल तर बोलवू नये.

जॅझ यात्रा पुढे अनेक वर्षे भरली, मुंबईबाहेरही गेली. रंगभवन मात्र शांतता क्षेत्राच्या नियमात सापडले. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय, म्हणून तिथल्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले आणि ती जागा संगीताला मुकली. मुंबईत आज ड्रमसेट शिकवणारे वर्ग आहेत, त्याच्या श्रेणीवार परीक्षा लंडनच्या संस्थेमार्फत होतात, मुले प्रमाणपत्रे घेतात. त्यामुळे तयार हातांची संख्या वाढली आहे आणि हौशी बँडांना त्याचा उपयोगही होतो. संबळाच्या बाजूला अजून साधी नोंदसुद्धा पुरेशी नाही: कोणत्या आख्यानाला कोणता ठेका, चाल कुठे दुप्पट होते, मोठ्या वाद्यावरची घसट कशी काढतात. हे आज वाजवणाऱ्या ज्येष्ठांकडून, त्यांच्या घरी बसून, त्यांना मानधन देऊन ध्वनिमुद्रित करून ठेवले पाहिजे.

आणि त्याच्या जोडीला दुसरे एक काम व्हावे असे मला मनापासून वाटते. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की देवी कोजागरीपर्यंत निद्रा घेते. नवरात्रभर वाजवून थकलेल्यांना विश्रांती हवीच, म्हणून कोजागरी उलटल्यावरचा एखादा आठवडा धरावा. मुंबई-पुण्याच्या एखाद्या हौशी जॅझ बँडने तेव्हा सोलापूरमार्गे इकडे यावे. मोठा सेट आणू नये. एक छोटा ड्रम, एक झांज, हाय-हॅट आणि ब्रशची जोडी पुरे. पहिले दोन दिवस त्यांच्या ड्रमरने काही वाजवू नये, नायकासमोर संबळवाल्याच्या शेजारी बसून फक्त ऐकावे. तिसऱ्या दिवशी संबळवाल्याने बँडमध्ये बसावे, आणि लय कोणी धरायची हे त्या दोघांनी आपसात ठरवावे.